आयजेमचा हंगाम संपला. पुढच्या संघासाठी नेमके काय मागे ठेवावे?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा अकरा जणांचा संघ गेल्या हंगामात आयजेम या सिंथेटिक बायोलॉजीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-स्पर्धेत उतरला होता. पॅरिसची जम्बोरी, म्हणजे स्पर्धेचा अंतिम मेळावा, पार पडली, पदक मिळाले, संघाची विकी, म्हणजे प्रकल्पाचे संकेतस्थळ, ठरलेल्या तारखेला गोठली आणि आता आमच्यापैकी सात जण जूनमध्ये महाविद्यालय सोडतील. नवा संघ मात्र आत्ताच उभा राहतो आहे.

प्रश्न विचारण्यामागचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्याही आधी एक संघ होऊन गेला होता. त्यांची विकी देखणी होती, चित्रे सुरेख होती, मात्र उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये त्यांनी ठेवलेल्या खोक्यातील नळ्यांवर ‘जीएफपी नवीन’, ‘जीएफपी नवीन २’ आणि ‘हाच वापरा’ एवढेच लिहिलेले होते. (जीएफपी म्हणजे हिरवे चमकणारे प्रथिन.) आम्ही अर्थातच ‘हाच वापरा’ वापरला. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलेल्या प्लेटवर वसाहती भरभरून आल्या, परंतु त्यांपैकी एकही चमकेना. माध्यम बदलले, तापमान बदलले, चमक मोजणाऱ्या प्लेट रीडरवर संशय घेतला आणि शेवटी सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून घ्यायला, पाठवले, तेव्हा त्या नळीत जीएफपीचे जनुक नव्हतेच, नुसते रिकामे प्लाझ्मिड, म्हणजे जनुके वाहून नेणारे डीएनएचे कडे, होते, असे कळले. यात नऊ आठवडे गेले. ज्यांनी ती चिठ्ठी लावली त्यांच्यापैकी दोघांशी संपर्क झाला. दोघांनाही ती नळी आठवत नव्हती.

आपल्या हातून पुढच्यांवर ही वेळ येऊ नये, अशी इच्छा आहे. आमच्याजवळ प्लाझ्मिडे, प्रायमर (प्लाझ्मिडवर ठरावीक जागी बसणारे डीएनएचे छोटे तुकडे), प्रयोगवह्या, प्रायोजकांशी झालेला पत्रव्यवहार, हिशेब, शाळांमध्ये घेतलेल्या कार्यशाळांचे साहित्य असे बरेच काही आहे. त्यातले काय जपावे, कोणत्या स्वरूपात जपावे आणि राज्यातल्या इतर महाविद्यालयांच्या संघांनाही ते कसे देता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. आमच्यातील काहींना असेही वाटते की, फसलेल्या प्रयोगांची जंत्री दुसऱ्या महाविद्यालयाच्या हाती देणे म्हणजे आपलीच लाज आपण चव्हाट्यावर मांडण्यासारखे आहे. त्यावरही आपले मत हवे आहे.

उणे_ऐंशी

मी काही वर्षांपूर्वी एका संघात होतो, सध्या युरोपात पीएचडी करतो आहे. आपली ‘हाच वापरा’ची कथा वाचून हसू आले आणि पाठोपाठ थोडी धास्तीही वाटली, कारण तशा एक-दोन नळ्या मीही मागे ठेवून आलो असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पुढच्यांसाठी मागे ठेवणे हा या स्पर्धेला मागाहून जोडलेला सद्गुण नाही. स्पर्धेचा पायाच तो आहे. २००३ च्या जानेवारीत एमआयटीमध्ये एक छोटा अभ्यासवर्ग म्हणून हे सुरू झाले आणि २००४ च्या उन्हाळ्यात अवघ्या पाच संघांची स्पर्धा झाली. त्याच सुमारास टॉम नाइट यांनी बायोब्रिकची कल्पना मांडली. प्रत्येक जनुकीय भागाच्या पुढे इको-आर-वन आणि एक्सबा-वन, मागे एसपीई-वन आणि पीएसटी-वन या विकरांच्या कापण्याच्या जागा ठेवायच्या, म्हणजे कोणाचाही भाग कोणाच्याही भागाला त्याच पद्धतीने जोडता येईल. एका संघाने केलेले काम दुसऱ्याने न विचारता उचलावे, यासाठीच हा सगळा खटाटोप होता. पुढे या भागांची रजिस्ट्री वाढत गेली. आजही नवा संघ जे २३१०० मालिकेतील प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) किंवा बी ००३४ ही रायबोसोम बांधणीची (प्रथिन बनणे जिथून सुरू होते ती) जागा डोळे झाकून वापरतो, ते कोणीतरी आधी मोजून, लिहून ठेवले म्हणूनच. त्याच रजिस्ट्रीत असेही असंख्य भाग आहेत ज्यांच्या पानावर नाव आणि क्रम यांपलीकडे एक ओळ नाही. त्यांचा उपयोग आपल्या त्या नळीइतकाच.

आता नळीकडे वळतो. प्रतिजैविकाच्या प्लेटवर वसाहती येणे याचा अर्थ प्लाझ्मिड आत गेले, एवढाच असतो, कारण प्रतिकाराचे जनुक वाहक प्लाझ्मिडवर असते, आपण घातलेल्या भागावर नसते. कापलेले वाहक स्वतःशीच पुन्हा जुळले किंवा मुळात कापलेच गेले नाही, तरी प्लेट तितकीच भरते. म्हणूनच पूर्वी आयजेमच्या वाहकांत लाल प्रथिनाचा भाग भरलेला असे. न कापलेले प्लाझ्मिड आत गेले की वसाहत लालसर दिसे आणि चोर पकडला जाई. तात्पर्य, खोक्यात ठेवायच्या प्रत्येक नळीचा क्रम शेवटी एकदा तपासून घ्यावा. हंगाम संपल्यावर खात्यात पैसे उरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही चाळीस नळ्या न तपासता ठेवण्यापेक्षा आठ तपासलेल्या ठेवाव्यात आणि बाकीच्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून निकालात काढाव्यात. हे करताना हात थरथरतो, पण करावे.

प्रत्येक नळीसोबत संपूर्ण प्लाझ्मिडचा क्रम जेनबँक स्वरूपाच्या फाइलमध्ये ठेवावा. नुसता आपण घातलेला तुकडा ठेवणे पुरेसे नाही, कारण पुढच्या संघाला प्रायमर वाहकावरच बसवायचे असतात. सिक्वेन्सिंगचे मूळ आलेखही ठेवावेत. प्लाझ्मिड कोणत्या जिवाणू-प्रकारात आहे, डीएच५-आल्फामध्ये की प्रथिन बनवण्यासाठीच्या बीएल२१ मध्ये, हे लिहावे. प्रतिजैविक कोणते व किती मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, हे लिहावे. आणि तो ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवलेले जिवाणू, कोणत्या वसाहतीपासून, कोणत्या तारखेला केला, तेही लिहावे. तारखेचे महत्त्व एवढ्यासाठी की, जोरकस प्रमोटर आणि भरपूर प्रती होणारे प्लाझ्मिड एकत्र आले की पेशीवर ताण येतो आणि पुन्हा पुन्हा वाढवत गेल्यास भाग मोडलेले जिवाणूच शर्यत जिंकतात. ताज्या वसाहतीचा स्टॉक आणि महिनाभर फ्रिजमध्ये पडलेल्या प्लेटवरचा स्टॉक यांना एकच नाव देऊ नये.

दोन प्रती दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये, शक्यतो दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. महाराष्ट्रात राहून वीज आणि जनित्र यांवर आंधळा विश्वास ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तिसरी प्रत म्हणून शुद्ध केलेला डीएनए गाळणकागदावर टिपून, वाळवून, पाकिटात घालून ठेवता येतो. आयजेमनेही सुरुवातीच्या काही वर्षांत भाग असेच कागदावर पाठवले होते. कागदाला वीज लागत नाही.

सूक्ष्मजीव_शिक्षक

मी एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि दोन संघांचा मार्गदर्शक होतो. ‘उणे_ऐंशी’ यांनी नळ्यांविषयी जे लिहिले आहे ते योग्यच आहे, परंतु माझ्या पाहण्यात संघ नळ्यांमुळे जितके अडतात त्यापेक्षा अधिक तारखांमुळे अडतात. मुले मार्चमध्ये उत्साहाने येतात आणि त्यांना वाटते की एप्रिलमध्ये क्लोनिंग सुरू होईल. प्रत्यक्षात काय घडते, हे त्यांना आधीचा संघच सांगू शकतो, मार्गदर्शकाचे बोलणे ती मनावर घेत नाहीत.

म्हणून माझा आग्रह ‘दिनांकांच्या वही’चा आहे. एकेका कामासाठी अर्ज कोणत्या तारखेला केला, कोणाकडे केला, कोणत्या कागदाअभावी परत आला आणि काम प्रत्यक्षात केव्हा झाले, एवढेच त्या वहीत असावे. मला आठवते, आमच्या एका वर्षी परदेशातून मागवलेल्या विकरांचे पार्सल सलग सुट्ट्यांमध्ये विमानतळावर अडकले आणि हाती आले तेव्हा आतला कोरडा बर्फ केव्हाच उडून गेला होता. पुरवठादाराने हात वर केले. पुढच्या वर्षीच्या मुलांनी केवळ त्या एका नोंदीमुळे मागणीची तारीख दिनदर्शिका पाहून ठरवली. शेंगेन व्हिसाच्या भेटीची वेळ, शुल्काचे पैसे डॉलरमध्ये पाठवण्यासाठी बँकेला लागणारे कागद, महाविद्यालयाच्या खरेदी-समितीची बैठक महिन्यातून किती वेळा होते, या बाबी कोणत्याही विकीवर सापडणार नाहीत. हिशेबही खरा ठेवावा. प्रायोजकाला दाखवण्यासाठी केलेले अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांत बरेच अंतर असते, आणि पुढच्या संघाला प्रत्यक्ष खर्चाच्या आकड्यांची गरज असते.

दुसरा मुद्दा परवानग्यांचा, आणि तो मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण प्रश्नात इतर महाविद्यालयांना साहित्य देण्याचा उल्लेख आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव हाताळणाऱ्या संस्थेला संस्थात्मक जैवसुरक्षा समिती असावी लागते आणि तिच्यावर केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. धोका कमी असलेल्या प्रयोगांसाठी प्रक्रिया सोपी असते, तरीही समितीला अंधारात ठेवून चालत नाही. तेव्हा मित्राच्या महाविद्यालयात जिवंत जिवाणूंची नळी खिशातून नेऊन देणे, हा मदतीचा मार्ग नव्हे. ज्या महाविद्यालयात अशी समितीच नाही, त्यांनी समिती असलेल्या संस्थेशी जोडून घेऊन काम करावे. आणि हे कसे साधले, याचा मसुदा, म्हणजे समितीला दिलेला अर्ज, त्यावरील शंका, त्यांना दिलेली उत्तरे, हा तुम्ही मागे ठेवू शकाल असा सर्वांत मौल्यवान कागद आहे. आयजेमचे स्वतःचे सुरक्षा-अर्जही त्याच धारिकेत ठेवावेत. प्रयोगशाळेबाहेर काहीही सोडायचे नाही हा आयजेमचा नियम आणि त्यांच्या मान्य यादीबाहेरील जिवांसाठी आधी घ्यावी लागणारी संमती, या दोन्हींचे भान नव्या मुलांना त्या अर्जांमधून आपोआप येते.

संस्थांमध्ये साहित्य द्यायचे असेल तर लेखी करार करावा. २०१८ मध्ये ओपन-एमटीए नावाचा खुला नमुना-करार प्रसिद्ध झाला आहे. त्यात साहित्य पुढे वाटण्याची आणि बदलून वापरण्याची मुभा दिलेली आहे. आपल्या संस्थेच्या कार्यालयाला तो समजावून सांगण्यास वेळ लागेल, पण एकदा सही झाली की पुढील संघांचा मार्ग सुकर होईल.

खिचडी_प्लेट

वरील दोन्ही उत्तरे पटली, तरी एक शंका मांडते. आमच्या आधीच्या संघाने आम्हाला शंभरहून अधिक पानांची पुस्तिका दिली होती. आमच्यापैकी एकीनेच ती पूर्ण वाचली, आणि तीही जम्बोरीहून परतल्यावर.

माझ्या मते लेखन चांगले आहे की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवायचेच नसते. नव्या संघातील अशा दोघांना निवडावे ज्यांनी तुमचे काम कधी पाहिलेले नाही, त्यांच्या हाती फक्त तुमची टिपणे आणि एक ग्लिसरॉल स्टॉक द्यावा, आणि तुम्ही शेजारी तोंड मिटून बसावे. त्यांनी प्लेट लावावी, प्लाझ्मिड काढावे, कापून जेल चालवावे. जिथे ते अडून तुमच्याकडे पाहतील, तिथे टिपणात एक वाक्य कमी आहे. आम्ही हे केले तेव्हा पहिल्याच पायरीवर कळले की, ‘नेहमीच्या इनक्यूबेटरमध्ये’ असे आम्ही लिहिले होते आणि मजल्यावर तीन इनक्यूबेटर आहेत, त्यांपैकी एकाचा तापमापक तीन अंश खोटा बोलतो. आम्हा जुन्या लोकांना ते इतके अंगवळणी पडले होते की लिहावेसेही वाटले नव्हते.

यासाठी जुना आणि नवा संघ किमान पंधरा दिवस एकाच वेळी प्रयोगशाळेत असायला हवा. परीक्षा आटोपल्यावर लगेच गावी जाऊ नका, एवढेच आपल्या सात जणांना सांगते.

मुळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर, आपल्या सूचनेप्रमाणे जैवसुरक्षा समितीचा सर्व पत्रव्यवहार आजच एकत्र करायला घेतला आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. हे सगळे ठेवायचे कुठे? सध्या ते संघाच्या सामायिक ड्राइव्हवर आहे. आणि फसलेल्या प्रयोगांविषयीचा मूळ प्रश्न राहिलाच: स्पर्धेतील दुसऱ्या संघांना ते देणे कितपत शहाणपणाचे आहे?

मृद्गंध

ड्राइव्हचे मालक कोण, हे आधी पाहावे. ते खाते जर कोणाच्या महाविद्यालयीन ईमेलवर असेल, तर ती व्यक्ती उत्तीर्ण झाल्यावर खाते बंद होऊ शकते आणि त्याबरोबर सगळे धारिकाघरही जाते. माझ्या माहितीतील एका संघाची छायाचित्रे आणि मापनांच्या मूळ फाइली अशाच गेल्या. जे जगाला दाखवायला हरकत नाही ते झेनोडोसारख्या मुक्त भांडारात ठेवावे. तिथे प्रत्येक संचाला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो आणि सुधारित आवृत्ती जुनी न पुसता चढवता येते. कृती असतील तर त्या प्रोटोकॉल्स-डॉट-आयओवर ठेवाव्यात. विकीवरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नामोल्लेख-परवान्याखाली असतो, तोच परवाना येथेही लावला म्हणजे पुढच्यांना परवानगीसाठी तुम्हाला शोधत फिरावे लागणार नाही. हिशेब, प्रायोजकांची पत्रे, पारपत्रांच्या प्रती मात्र महाविद्यालयाच्या बंद कपाटातच शोभतात.

आता लाजेचा प्रश्न. आयजेममध्ये पदके शर्यतीसारखी वाटली जात नाहीत. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण यांचे निकष आधीच जाहीर असतात आणि जो संघ ते पूर्ण करतो त्याला ते पदक मिळते. एकाला सुवर्ण मिळाल्याने दुसऱ्याचे हुकत नाही. चुरस असते ती विशेष पुरस्कारांसाठी आणि मुख्य पारितोषिकांसाठी. त्यामुळे नाशिकच्या एखाद्या संघाला तुम्ही नऊ आठवडे वाचवून दिलेत, तर तुमचे काहीच जात नाही. उलट इतर संघांशी केलेल्या सहकार्याला या स्पर्धेत मानाचे स्थान आहे.

फसलेले प्रयोग देताना मात्र एक पथ्य पाळावे. ‘चालले नाही’ एवढेच लिहिणे निरुपयोगी असते. काय अपेक्षित होते, काय दिसले, कोणते नियंत्रण-नमुने सोबत होते आणि आपण कुठे थांबलो, हे लिहिले तरच त्या अपयशाचा कोणाला उपयोग होतो. मोजमापेही अशी द्यावीत की दुसऱ्याला पडताळता येतील. प्लेट रीडरवर दिसणारा चमकेचा आकडा त्या यंत्रापुरताच खरा असतो. शेजारच्या विभागातील यंत्र तोच नमुना घेऊन भलताच आकडा सांगेल. २०१४ पासून आयजेमने जगभरच्या संघांकडून एकच नमुने मोजून घेणारा इंटरलॅब अभ्यास चालवला, त्यात फ्लोरेसिन या ज्ञात रंगद्रव्याच्या द्रावणाशी ताडून मोजायला शिकवले गेले, ते याचसाठी. तुमच्या आलेखासोबत फ्लोरेसिनची तुलना-रेषा नसेल, तर तो आलेख पुढच्या संघासाठी केवळ भिंतीवर लावायचे चित्र आहे.

थोडे विषयांतर करतो. २००९ मध्ये बंगळूरूच्या कलाशिक्षण देणाऱ्या एका संस्थेचा संघ आयजेममध्ये होता. कलेच्या त्या विद्यार्थ्यांनी जिवाणूंकडून जिओस्मिन, म्हणजे पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास, काढून घेण्याचे काम हाती घेतले. (माझे येथील टोपणनाव त्यावरूनच घेतले आहे.) त्या वर्षीची विकी आजही वाचता येते. सांगायचा मुद्दा असा की, आपले लेखन वाचणारा जैवतंत्रज्ञानाचाच असेल, असे धरून चालू नये. पुढच्या वर्षी तुमच्या संघात संगणकशास्त्राची दोन आणि अर्थशास्त्राची एक मुलगी असेल, आणि ‘मिनिप्रेप करून डायजेस्ट लावणे’ हे त्यांच्यासाठी मंत्रोच्चाराइतकेच गूढ असेल.

भाषेविषयी आपण विचारले नाही, तरी लिहितो. कृती इंग्रजीतच ठेवाव्यात, कारण त्या परदेशी संघांनाही हव्या असतात आणि रसायनांच्या बाटल्यांवरची नावेही इंग्रजीत असतात. परंतु शाळांमधील कार्यशाळांचे साहित्य आणि प्रयोगशाळेतील सुरक्षेच्या सूचना मराठीत जरूर द्याव्यात. आमच्याकडे काचेची भांडी धुणारे आणि ऑटोक्लेव्ह लावणारे मामा वर्षानुवर्षे तेच आहेत, संघ मात्र दरवर्षी बदलतो; कोणता कचरा निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर जाता कामा नये, हे त्यांना नीट वाचता आले नाही, तर बाकीची सगळी काळजी व्यर्थ आहे.

मुळाकाठ

आज आम्ही सगळे बसून खोके रिकामे केले. बेचाळीस नळ्यांपैकी अकरा ठेवल्या. त्यांतील सहांचा क्रम आधीच तपासलेला आहे आणि उरलेल्या पाच या आठवड्यात सिक्वेन्सिंगला जातील. ‘खिचडी_प्लेट’ यांनी सुचवलेली परीक्षा आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात घेणार आहोत. नव्या संघातील संगणकशास्त्राची एक मुलगी त्यासाठी स्वतःहून तयार झाली आहे. ड्राइव्ह माझ्याच महाविद्यालयीन खात्यावर होता, हेही उघड झाले.

‘हाच वापरा’ ही नळी टाकून द्यावी, असे बहुतेकांचे म्हणणे होते, पण शेवटी ती ठेवली. रिकामे वाहक नियंत्रण-नमुना म्हणून लागतेच, आणि हिचा क्रम तर आम्ही पैसे मोजून तपासलेला आहे. जुनी चिठ्ठी तशीच राहू दिली आहे. तिच्याखाली दुसरी चिठ्ठी लावून वाहकाचे नाव, तारीख, प्रतिजैविकाचे प्रमाण आणि ‘यात जीएफपी नाही’ असे लिहिले आहे.

सर, ओपन-एमटीएचा मसुदा आमच्या कार्यालयात नेऊन दिला आहे. तिथून काय शंका येतात, ते येथेच कळवीन.